आधी शून्य बघ

रविवारी तुझा फोन आला. गुरुवारी चाकणला इंटरव्ह्यू आहे म्हणालीस आणि मग "मामा, काय वाचू?" एवढं एकच चारदा विचारलंस. मी काहीबाही सांगितलं, पण तुझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या, माझ्याकडे रस्त्यावरचे हॉर्न, त्यातून किती पोचलं देव जाणे. म्हणून सावकाश लिहून पाठवतोय. दोनदा वाच, तिसऱ्यांदा ताईला वाचून दाखव.

भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांत माझी ३६ वर्षं गेली. त्यातली शेवटची १५ वर्षं नवी मुलं घ्यायची असली की क्वालिटीकडून मला बसवायचे. एचआरचा एक जण, ज्या खात्यात जागा आहे तिथले साहेब आणि मी. डिप्लोमावाले, आयटीआयवाले, क्वचित बीई झालेले. सकाळी नऊला सुरुवात झाली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत वीसेक जण होऊन जायचे. टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं, ते तुला सांगतो.

पहिलं म्हणजे आता नवं काही वाचू नकोस. डिप्लोमाच्या तीन वर्षांत जेवढं डोक्यात गेलंय तेवढंच गुरुवारी बाहेर येणार. मोबाईलवर 'नेहमी विचारले जाणारे ५० प्रश्न' असतात, त्यांची उत्तरं तर मुळीच पाठ करू नकोस. "तुमच्यात उणीव काय?" म्हटलं की "मी फार परफेक्शनिस्ट आहे" हे उत्तर मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ झालं होतं. पाठ केलेलं सुरू झालं की आम्ही तिघंही समोरचे कागद चाळायला लागायचो आणि प्रश्न आटोपते घ्यायचो. मुलगा आवडला तर उलट व्हायचं, त्याला आम्ही जास्त पिडायचो. तेव्हा प्रश्नामागून प्रश्न आले तर घाबरू नकोस.

मग हे चार दिवस करायचं काय? त्याआधी एक प्रसंग ऐक.

इन्स्पेक्शनला एक जागा होती. अशा वेळी मी टेबलावर टर्निंग झालेली एक पिन ठेवायचो, २५ मिलिमीटरच्या आसपासची, आणि शेजारी व्हर्निअर. हिचा व्यास सांगा, एवढंच म्हणायचो. त्या दिवशी आठ-नऊ जण येऊन गेले. प्रत्येकाने व्हर्निअर उचलला, पिनवर चढवला, डोळे बारीक केले आणि आकडा सांगितला. सगळ्यांचाच चुकला, कारण शून्य सरकलेला व्हर्निअर मी मुद्दाम ठेवला होता. जबडे पूर्ण मिटले तरी तो ०.०६ दाखवायचा.

मग एक पोरगा आला. रात्रभर एसटीत बसून आलेला, शर्टाची इस्त्री पार मोडलेली. त्याने व्हर्निअर उचलला आणि पिनकडे बघितलंच नाही. खिशातून रुमाल काढून दोन्ही जबडे पुसले. मग मिटवले आणि खिडकीकडे धरून मधून उजेड येतो का ते पाहिलं. स्केलवर नजर गेली आणि त्याचा अंगठा थांबला. "सर, याला झिरो एरर आहे. प्लस पॉइंट झिरो सिक्स." मग त्याने पिन पुसली, तीन ठिकाणी मापली, अंगठ्याने पाव फेरा फिरवून पुन्हा मापली, आणि आलेल्या मापातून ०.०६ वजा करून आकडा सांगितला. वर म्हणाला, "याचा लीस्ट काउंट ०.०२ आहे सर. ड्रॉइंगमधला टॉलरन्स बारीक असेल तर मायक्रोमीटर द्या."

साहेबांचा पुढचा प्रश्न होता, "कामावर कधी येऊ शकाल?"

त्या पोराला जगावेगळं काही येत होतं असं नाही. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला हे सगळ्यांनाच शिकवतात. बाकीच्यांनी ते जर्नलमध्ये उतरवलं होतं, याच्या हातात उतरलं होतं. कारखान्यात चुकीच्या मापाने तपासलेला माल गाडीत भरून गिऱ्हाइकाकडे गेला की अख्खी गाडी परत येते. हे ज्याने भोगलंय त्याला तो रुमाल बघून काय वाटलं असेल, ते तुला कामाला लागल्यावर कळेल.

तुझी तयारी इथूनच सुरू होते. मोजायला घेण्याआधी शून्य बघायचं, तसं आधी स्वतःचं बघ. बायोडाटा समोर घे आणि एकेका ओळीवर बोट ठेव. यातलं मी केलेलं किती, नुसतं बघितलेलं किती, मैत्रिणीने केलेलं किती? हे घरी कळलं तर दुरुस्त करता येतं.

तुझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टच घे. कांदा प्रतवारी यंत्र, चौघींचा ग्रुप. विषय फार चांगला निवडलात. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्या तू लहानपणापासून बघत आलीस. पण बायोडाटात तू 'डिझाइन अँड फॅब्रिकेशन' असे मोठे शब्द घातलेस. मग मी काय विचारीन? मोटर कोणती? अर्धा एचपी, १४४० आरपीएम. चार पोलची मोटर, वीज ५० हर्ट्‌झची, मग १५०० का नाही? मोटरवरची पुली केवढी? समज ५० मिलिमीटर. जाळीच्या शाफ्टवरची? ३००. तर मग जाळी मिनिटाला किती फिरते? इथे मोबाईल काढायचा नाही, २४० हे तोंडावर पाहिजे. २४० फेऱ्यांत कांद्याची साल तरी राहील का? मग वेग आणखी कशाने उतरवलात? भोकं किती मिलिमीटरची ठेवलीत, आणि तेवढीच का? लांबट कांदा आडवा आला तर कुठल्या खणात पडतो? दहा किलो कांदा घालून बघितलात का, आणि त्यातला किती चुकीच्या खणात गेला?

माल रिजेक्ट झाला की कारखान्यात 'व्हाय-व्हाय' करतात. टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर गेलेली ही रीत. भोक मोठं झालं, का? ड्रिल हललं. का हललं? बुश झिजला. का झिजला? असं पाचदा विचारत मुळाशी जायचं. बायोडाटातल्या प्रत्येक ओळीला तू हेच कर. तिसऱ्या 'का'पाशी अडकलीस तर जा, कॉलेजच्या सरांना विचार, मैत्रिणीला फोन लाव, यंत्र अजून वर्कशॉपमध्ये असेल तर जाऊन मोजून ये. आणि तरीही नाही सापडलं तर ती ओळ खोड. छोटा बायोडाटा चालतो. माझ्यापुढे एका पानाचे बायोडाटे आलेत आणि त्यावर आम्ही अर्धा-अर्धा तास बोललोय.

आणखी एक नाजूक गोष्ट आहे, ती फोनवर विचारली नाही. डिप्लोमाचे बरेच प्रोजेक्ट बाहेरून करून आणलेले असतात हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. तुमच्या यंत्राचं वेल्डिंग गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने केलं असेल तर तसंच सांग. "वेल्डिंग बाहेरून करून घेतलं. पुलीचं गणित आणि जाळीचं ड्रॉइंग माझं." असं कोणी म्हणालं की मी खुर्ची पुढे ओढायचो, कारण आता खरं बोलणं सुरू झालेलं असायचं. मोटर अर्धा एचपीचीच का, तर कॉलेजात तेवढीच पडून होती म्हणून. हे उत्तर असेल तर हेच दे. शॉपमध्येही आहे त्या सामानात काम भागवावं लागतं. फक्त पुढे जोडायचं की हिशेबाने इतकी लागत होती.

'येत नाही' म्हणायला मला माझ्या पहिल्या फोरमननी शिकवलं. १९८४ साल. मी आयटीआय फिटर, वडील अंथरुणाला खिळलेले, नोकरी पाहिजेच होती. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्यांनी विचारलं, मिलिंग येतं का? मी येतं म्हणालो. ते काही बोलले नाहीत, उठले आणि मला मशीनपाशी घेऊन गेले. मी जॉब वाइसमध्ये बांधला, मशीन चालू केलं, आणि कटर कुठल्या दिशेने फिरतोय ते न बघताच फीडच्या हँडलला हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने मशीन बंद केलं. म्हणाले, "येत नाही म्हणाला असतास तर मी शिकवलं असतं. येतं म्हणालास. आता कटर फुटून तुला लागलं असतं तर तुझ्या आईला मी काय सांगायचं?" महिनाभर त्यांनी मला त्या मशीनजवळ जाऊ दिलं नाही. मग स्वतः उभं राहून शिकवलं. त्यांचा तो शब्द मी आजवर प्रत्येक नव्या मुलाला दिला, तुलाही देतो.

पण नुसतं "नाही येत सर" म्हणून मान खाली घालू नकोस. कुठपर्यंत येतं ते सांग. "सर, जीडी अँड टीच्या खुणा ओळखता येतात, पण त्याप्रमाणे तपासणी मी केलेली नाही." पाच प्रश्नांत दोनदा असं म्हणालीस तर काही बिघडत नाही. मात्र काही गोष्टींना 'येत नाही' चालत नाही, तेवढ्या एकदा बघून ठेव. व्हर्निअरच्या फिरत्या पट्टीवरचे ५० भाग मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरएवढे, म्हणून ०.०२. मायक्रोमीटरची एक फेरी अर्ध्या मिलिमीटरची, थिंबलवर ५० भाग, म्हणून ०.०१. ड्रॉइंग हातात दिलं की आधी कोपऱ्यातला चौकोन वाच. फर्स्ट अँगल आहे की थर्ड अँगल, मटेरियल काय, माप कशात. भोकापुढे २५ एच७ लिहिलं असेल तर २५.००० ते २५.०२१. गो गेज आत जायला हवा, नो-गो जाता कामा नये, आणि नो-गो गेला तर तू काय करशील? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात एका ओळीचं असतं. शॉपमध्ये विचारणाऱ्याला ऐकायचं असतं की तू मशीन थांबवशील, तो जॉब लाल पेटीत टाकशील, आधीचे निघालेले जॉब बाजूला काढून पुन्हा तपासशील आणि सुपरवायझरला सांगशील. नुसतं 'रिजेक्ट करीन' म्हणून सोडू नकोस.

आता इंग्रजी. तू रविवारी रडवेली झालीस ती यासाठीच, मला कळलं. ऐक बाळा, एका मुलाची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मराठवाड्यातला होता, टर्नर. दारातून आत येताना टेबलावरच्या जॉबकडे त्याची अशी नजर गेली की हा कामाचा आहे हे मी ओळखलं. पण प्रश्न इंग्रजीतून सुरू झाले आणि तो गप्प झाला. ओठ हलायचे, शब्द येईना. चार मिनिटांत "थँक यू" म्हणून त्याला पाठवून दिलं. मी मराठीत एक प्रश्न विचारायला हवा होता. नाही विचारला. ज्या कंपनीत निम्मं बोलणं मराठीत आणि उरलेलं हिंदीत चालतं, तिथे आम्ही एका चांगल्या कारागिराला इंग्रजीवरून घालवलं, ही चूक माझी होती.

म्हणून तुला सांगतो, समोरचा विचारेल म्हणून वाट बघू नकोस. पहिली चार वाक्यं इंग्रजीत बसवून ठेव: नाव-गाव, शिक्षण, ट्रेनिंग कुठे केलं, प्रोजेक्ट काय. ती सोपीच असू देत. पुढे अडकलीस की सरळ म्हण, "सर, हे मी मराठीत जास्त नीट सांगू शकेन, चालेल का?" समोरचे परप्रांतातले असतील तर हिंदीत म्हण. बहुतेक जण हो म्हणतात. आणि रोज संध्याकाळी ताईला समोर बसवून यंत्र समजावून सांग, मोठ्याने. मनातल्या मनात बोललेलं सगळं बरोबरच वाटतं, तोंडातून काढलं की कुठे तुटतंय ते कळतं. पुली म्हणजे काय हे ताईला कळलं तर प्लँट हेडला नक्की कळेल.

मुलगी म्हणून तुला एक-दोन जादा प्रश्न येतील. मेकॅनिकलमध्ये मुली अजूनही कमीच. सुधा मूर्तींची हकीकत तुला ठाऊक असेल. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलं होतं, त्यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं, कंपनीने बोलावून घेतलं आणि त्या टेल्कोच्या शॉप फ्लोअरवरच्या पहिल्या स्त्री इंजिनिअर झाल्या. ते पुण्यातच घडलं. आता जाहिरातीत तसं कोणी छापत नाही, पण "लग्नाचं काय?" हे विचारणारा अजून भेटतो. हा प्रश्न चुकीचा आहे, माझ्या टेबलावर मी तो विचारू दिला नाही. तुला कोणी विचारलाच तर वाद घालू नकोस आणि खुलासाही देत बसू नकोस. "सध्या काम शिकायचं ठरवलंय" एवढं म्हण आणि गप्प राहा. गप्प राहणं अवघड जातं, ते घरी करून बघ.

रात्रपाळीचं मात्र तू स्वतः विचार. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे बायकांना कारखान्यात सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत काम देता यायचं. आता बाईची संमती असेल, सुरक्षेची आणि ने-आण करण्याची सोय असेल तर रात्रीही देता येतं. म्हणून पाळ्या कशा आहेत, बस कुठून कुठपर्यंत, रात्री दारापर्यंत सोडते की चौकात, हे विचारायला संकोच नको. "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हणतात तेव्हा हे विचार. आणखी एक विचार: पहिले सहा महिने मला कुठल्या मशीनवर, कोणाच्या हाताखाली ठेवाल? हे विचारणारी मुलं फार कमी असतात.

पगाराचं. सीटीसी २ लाख ४० हजार म्हणाले तर महिन्याला २० हजार हातात येतील असं धरू नकोस. बेसिक ११ हजार असेल तर १२ टक्क्यांनी १,३२० तुझे पीएफला जातात, कंपनीही तेवढेच भरते, आणि कंपनीचा तो हिस्साही बहुतेक वेळा सीटीसीतच मोजलेला असतो. २,६४० गेले, राहिले १७,३६०. त्यातून ईएसआय, कॅन्टीन, बस. बोनस सीटीसीत धरला असेल तर आणखी कमी. तेव्हा "हातात किती येतील?" हे नम्रपणे पण स्पष्ट विचार, आणि कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टवर, तेही. पीएफ म्हणजे पैसे बुडाले असं समजू नकोस, ते तुझेच आहेत. खोलीचं भाडं ठरवताना फक्त हिशेब चुकू नये.

डिपॉझिट, गणवेश, ट्रेनिंग असल्या कुठल्याही नावाखाली कोणी पैसे मागितले तर उठून ये. कामाला ठेवणारी कंपनी पैसे घेत नाही. मूळ मार्कशीट दाखवायची, झेरॉक्स द्यायची. मूळ कागद कोणाकडे ठेवून यायचा नाही, मग तो कितीही गोड बोलो.

कपड्यांचं थोडक्यात. साधा कुर्ता-सलवार किंवा शर्ट-पँट, जे घालून तू रोज वावरतेस ते. ओढणी नको, केस घट्ट बांध, बूट पुढून बंद. पुष्कळदा बोलता बोलता म्हणतात, चला जरा शॉप बघून येऊ. फिरत्या मशीनजवळ लोंबती ओढणी बघितली की माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. शॉपमध्ये गेलीस तर पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चाल आणि विचारल्याशिवाय कशाला हात लावू नकोस.

ताई म्हणते की गुरुवारी पहाटे निघून थेट चाकण गाठशील. तसं करू नकोस. भोसरीपासून चाकण २० किलोमीटरच्या आतच आहे, पण सकाळी पाळी बदलायच्या वेळेला नाशिक रोडवर कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर अडकले की तळेगाव चौकातच पाऊण तास जातो. बुधवारी संध्याकाळीच इकडे ये. मामीने खोली आवरून ठेवलीय. सकाळी साडेसहाला मी गाडीवर सोडतो, गेटच्या अलीकडे चहा घेऊ, गेटपासून पुढे तू एकटी जायचंस. आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेव, गेटपास करताना लागतं.

येताना प्रोजेक्टचा रिपोर्ट आण, तुझं नाव असलेलं ड्रॉइंग आण, आणि एक स्वच्छ सुती रुमाल. माझा जुना व्हर्निअर कपाटातून काढून ठेवलाय. त्याचं शून्य थोडं सरकलंय, किती ते बुधवारी रात्री तू मला सांग.